सहा निरोगी माणसं

१९ मे १९८७, मंगळवार, रोसारियो

आज टॉन्सिल वेळेवर आले. सात पोरांचे चौदा नग, बर्फाच्या डब्यात. किन्ताना स्वतः घेऊन आला. हा नाक-कान-घशाचा सर्जन समोरच्या इस्पितळात दर मंगळवारी पोरांचे टॉन्सिल कापतो आणि कचऱ्यात टाकायच्या ऐवजी आम्हाला देतो. कोणाबरोबरही पाठवून दे, असं मी त्याला कितीदा सांगितलं. पण माणूस कामाचा पक्का. गेले दोन महिने स्वतः येतो, आणि मिर्ताने डबा उघडून सगळे नग मोजेपर्यंत जागचा हलत नाही. आज त्याचा स्वतःचाच घसा बसला होता. घशाचा डॉक्टर आणि घसा बसलेला! मी पोट धरून हसलो. तो नाही हसला.

मिर्ता साबाला माझी तंत्रज्ञ. वय बत्तीस, हात स्थिर, जीभ त्याहून स्थिर. सहा वर्षं माझ्याकडे आहे. मंगळवारी ती निळा स्वेटर घालते. मंगळवारी दुपारी चारला आमची आठवड्याची बैठक असते, फक्त ती आणि मी. मी काही बोलत नाही, पण मला डोळे आहेत.

ठरवलंय. तक्ता पूर्ण झाला की तिला विचारायचं. ऑगस्टमध्ये मार देल प्लाताला अधिवेशन आहे, समुद्राकाठी. तिथल्या हॉटेलात दोन खोल्या सांगून ठेवल्या आहेत (दोन, मी सभ्य माणूस आहे). मात्र तक्त्याच्या आधी एक शब्द नाही. अर्धवट निष्कर्षावर तोंड उघडू नये, हे मी सगळ्यांना शिकवतो.

ही वही पुढे कोणाच्या हाती लागलीच, तर तक्ता म्हणजे काय ते लिहून ठेवतो. आपल्या रक्तात आणि टॉन्सिलमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात प्यूरिन नावाच्या मालाची सतत मोडतोड चालते. ती करणारी विकरं म्हणजे पेशीच्या घरातल्या झाडूवाल्या. मुख्य झाडूवालीचं नाव लांबलचक आहे, आम्ही तिला नुसतं 'आदा' म्हणतो. आदाला अडवलं की कचरा साचतो आणि पेशी गुदमरते. रक्ताच्या काही कर्करोगांत बिघडलेल्या पेशी माराव्यात, म्हणून डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं. अडवणारं रसायन म्हणजे निरोधक. पण निरोगी माणसाची आदा किती निरोधकाने गप्प बसते, ते आधी कळलं पाहिजे. त्यासाठी सहा निरोगी माणसं.

निरोगी माणसं दुकानात मिळत नाहीत. सगळ्या प्रयोगशाळा करतात तेच आम्ही करतो, बाही वर करतो. मी, मिर्ता, किन्ताना, रक्तविकारांच्या डॉक्टर ओफेलिया ग्रिनबर्ग, ग्रंथपालबाई आणि दारावरचा रामोन. ओफेलिया रक्त काढते, नळ्यांवर एक ते सहा आकडे घालते, आणि कोणता आकडा कोणाचा ती यादी पाकिटात बंद करून माझ्या खणात ठेवते. मापणारी मिर्ताही बघत नाही, मीही बघत नाही. याला शिस्त म्हणतात.

२२ मे, शुक्रवार

निरोधकाची कुपी ब्वेनोस आयरेसच्या विमानतळावर येऊन पडली आहे. बर्फ वितळायच्या आत आणली पाहिजे, आणि मी सभेत अडकलेलो. मिर्ताला बसने पाठवणार होतो, तर बसवाल्यांचा संप. इतक्यात किन्ताना कुठूनसा उगवला. म्हणाला, "माझी गाडी आहे ना. आज मला सुट्टीच आहे." तीनशे किलोमीटर जायचं आणि तीनशे यायचं, तेही खवखवत्या घशाने! मला भरून आलं. वाटेत खायला मी माझ्या डब्यातल्या सहाच्या सहा एम्पानादा, मांस भरलेल्या करंज्या, त्यांना दिल्या.

२३ मे, शनिवार

आज दुपारी परतले. काल येताना सान पेद्रोजवळ धुकं इतकं दाट पडलं, की हॉटेलात मुक्काम करावा लागला. इथे आकाश स्वच्छ होतं, पण नदीकाठाचं काही सांगता येत नाही. कुपी उत्तम स्थितीत आहे. किन्ताना म्हणाला, हॉटेलच्या स्वयंपाकघरातून बर्फ आणून दोघं दर दोन तासांनी बदलत होते. दोघांचे डोळे झोपेने मिटत होते. अशी निष्ठा हल्ली कुठे राहिलीय!

२५ मे, सोमवार

राष्ट्रीय सणानिमित्त ओफेलियाकडे लोक्रो खायला जमलो. मक्याची, मांसाची उकळती खीर, वर लाल तिखट. जेवताना ओफेलिया मोठ्याने म्हणाली, "काय ग मिर्ता, सान पेद्रोला धुकं फार होतं म्हणे?" मिर्ताचा चमचा वाडग्यात पडला आणि लोक्रो किन्तानाच्या शर्टावर उडाला. ती पुसायला धावली. ओफेलियाला हवामानात एवढा रस आहे हे मला आजच कळलं.

९ जून, मंगळवार

पहिला तक्ता. एक, तीन, चार, पाच, सहा, सगळे शाळेतल्या रांगेसारखे सरळ. ठरलेली मात्रा टाकली की आदा गप्प. दोन नंबर मात्र ऐकेना! मुळातच त्याची आदा इतरांच्या दुपटीहून जास्त, आणि निरोधक टाकल्यावरही अर्धी जागीच.

मिर्ताने पुन्हा मापलं. तेच. मी स्वतः मापलं. तेच, शिवाय एक नळी फोडली.

१२ जून, शुक्रवार

ओफेलिया म्हणते, "दोन नंबरचा एक थेंब काचेवर पसरून बघू दे मला. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही. तुम्ही रक्त काढलंय. कोण कोणता ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमची नजर शुद्ध नाही."

"माझी नजर चाळीस वर्षं सूक्ष्मदर्शकात आहे, फुल्वियो. तुझी कुठे असते?"

नियम तो नियम. मी नाही म्हटलं.

पण दुपारी कारण मला एकदम सुचलं, आणि इतकं सोपं की कपाळावर हात मारला. माते, आमचा तो कडू पाल्याचा चहा! त्यात कॅफिन, आणि कॅफिन म्हणजे प्यूरिनच की. आम्ही प्यूरिनचे संशोधक, आणि दिवसभर एका पोकळ भोपळ्यातून, एका नळीने, आळीपाळीने तीन-तीन लिटर प्यूरिन ओढतो. मग तक्ता बिघडेल नाही तर काय! दोन नंबर म्हणजे सगळ्यात जास्त माते ढोसणारा. माझा संशय रामोनवर.

हुकूम काढला. रक्त देणाऱ्यांनी पुढची सूचना मिळेपर्यंत माते प्यायचा नाही.

१६ जून, मंगळवार

उठाव झाला. रामोनने दार उघडायचं नाकारलं. ग्रंथपालबाईंनी माझ्या नावावर बारा पुस्तकं उशिरा दाखवली. मिर्ता म्हणाली, "डॉक्टर, माते नसेल तर हात थरथरतात. मग मापं तुम्हीच घ्या." गेल्या आठवड्यात फोडलेली नळी आठवून मी विषय बदलला.

एकट्या किन्तानाने कुरकुर केली नाही. तो मातेला शिवतच नाही. म्हणतो, "एका नळीला सहा जणांची तोंडं लागलेली, मला नाही बघवत." अर्जेंटिनात जन्मून माते न पिणारा माणूस! नाजूक प्रकृतीचा आहे बिचारा.

२३ जून, मंगळवार

अकरा दिवस मातेविना. माझं डोकं ठणकतंय, रामोन माझ्याशी बोलत नाही, आणि दोन नंबर जसाच्या तसा. बंदी उठवली. रामोनने पहिला भोपळा भरून सगळ्यांना दिला आणि मला शेवटी, गार झालेला.

मिर्ताला सांगितलं, "धीर सोडू नकोस. तक्ता पूर्ण झाला की मला तुझ्याशी एक बोलायचंय." ती लाल झाली. म्हणाली, "मलाही तुमच्याशी बोलायचंय, डॉक्टर." आज घरी चालत गेलो. बारा चौक, थंडीत, कोट हातावर टाकून.

२९ जून, सोमवार

एकोणतीस तारीख, म्हणून आईकडे न्योकी, बटाट्याचे उकडलेले गोळे. रीतीप्रमाणे ताटलीखाली नोट ठेवली आणि मनात मिर्ताचं नाव घेतलं. आईने विचारलं, "काय मागितलंस?" मी सांगितलं. घरी आणखी कोणाला सांगणार?

"तिला विचारलंस?"

"तक्ता व्हायचाय."

"फुल्वियो, तुझे वडील गहू भरायला धक्क्यावर निघाले होते, वाटेत मी दिसले, आणि गहू तसाच राहिला. तुझा हा तक्ता किती वर्षांचा आहे?"

आईला संशोधनातलं काही कळत नाही.

३० जून, मंगळवार

अघटित! दोन नंबर थोडा खाली उतरलाय आणि पाच नंबर चढलाय. तीन आठवडे गुणी बाळासारखा वागलेला पाच नंबर! त्याची आदा आता तिप्पट. निरोधक म्हणजे जणू पाणी. कुपी खराब झाली म्हणावं, तर बाकीच्या चौघांवर तीच कुपी झकास चालते.

मिर्ताची तब्येत बरी नाही. गळ्याला रेशमी रुमाल बांधून येते (तिला शोभतो). जेवणानंतर अपकेंद्री यंत्राच्या घरघरीत टेबलावर डोकं टेकून झोपते. भूक नाही, उसासे टाकते. ही लक्षणं मला पुस्तकाशिवाय ओळखता येतात. बैठकीतलं ते एक वाक्य तिला फार लागलं असावं. मी तिची खुर्ची खिडकीतल्या उन्हात सरकवली आणि माझा कोट तिच्या अंगावर टाकला.

किन्ताना व्हरांड्यात तिच्या गळ्याच्या गाठी तपासत होता. दोन्ही हातांनी, डोळे मिटून, बराच वेळ. डॉक्टर असावा तर असा.

७ जुलै, मंगळवार

अधिवेशनाला निबंध पाठवायची मुदत पंधराला संपते. पाच नंबर अजून वरच. हात टेकले. ओफेलियाला म्हटलं, "घ्या तुमचे थेंब. बघा काय बघायचंय ते."

तिने दोन्ही काचा रंगवल्या, सिगरेट पेटवली, सूक्ष्मदर्शकात डोळा लावला आणि खोकल्यासारखं हसली. "ये, बघ."

पेशी मोठ्या, फुगलेल्या, शेजारणींना रेलून बसलेल्या. अशा मी पुस्तकात बघितल्या होत्या, पण नाव आठवेना.

"चुंबनाचा ताप, राजा. घशातून येतो, मानेला गाठी, आठवडाभर ताप, मग महिनाभर झोप. अशा पेशी खवळलेल्या असतात, म्हणून तुझ्या आदाला दुप्पट काम. निरोधक काय करणार बिचारा?"

"दोघांनाही?"

"दोघांनाही. आधी दोन नंबरला. पाच नंबरला मागाहून. एकाकडून दुसऱ्याकडे गेला की उगवायला पाच-सहा आठवडे लागतात."

मी टाळीच वाजवली. "म्हणजे मातेच! एक नळी, सहा तोंडं! मी म्हणत नव्हतो?"

ओफेलियाने माझ्याकडे बघितलं, लहानपणी मी पडलो की आई बघायची तसं. "पाकीट उघड," म्हणाली. "आता उघडायला हरकत नाही. आणि बसून उघड."

उद्या उघडीन. आज मातेचा सिद्धांत जिंकलाय, आज मी खूश आहे.

८ जुलै, बुधवार

दोन नंबर : किन्ताना.

पाच नंबर : मिर्ता.

किन्ताना माते पीत नाही.

मग कॅलेंडर काढलं. तीस जूनपासून मागे मोजलं. पाच आठवडे आणि चार दिवस. बावीस मे, शुक्रवार. हवामान खात्यात फोन करून विचारावं, अशी एक दुर्बुद्धी झाली. नाही केला फोन. सहा एम्पानादा दिल्या होत्या मी, सहा!

दुखलं. हे लिहून ठेवायला हवं, कारण या वहीत मी आतापर्यंत बरंच काही चुकीचं लिहिलंय. छातीत डाव्या बाजूला, जिना चढल्यावर दुखतं तसं, आणि मी दिवसभर खुर्चीतून उठलो नव्हतो.

दुपारी ओफेलिया आली. मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक होतं. रामोनला एप्रिलपासून."

"आणि किन्ताना? घशाचा डॉक्टर! स्वतःचा आजार कळला नाही त्याला?"

"पहिल्या दिवशीच कळला असणार. पण तो सांगणार कोणाला? तुला?"

मी विचारलं, "माझं रक्त बघितलंत का? चार नंबर?" ते खणातल्या यादीत होतंच.

"बघितलं. पुस्तकात छापावं असं. तुला हा ताप चार वर्षांचा असतानाच येऊन गेला असेल, आईच्या चमच्यातून. आता तो तुला जन्मात होणार नाही." मग म्हणाली, "तुझ्या पेशी या शहरातल्या सगळ्यात निष्पाप पेशी आहेत, फुल्वियो." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही.

१० जुलै, शुक्रवार

काल सुट्टी होती. दिवसभर किन्तानाविषयी वाईट विचार करायचा प्रयत्न केला. धुक्यापलीकडे काही सापडलं नाही.

आज मिर्ता आली. गळ्याला रुमाल नव्हता. ओफेलियाने तिला सांगितलं असणार. उभीच राहिली.

"डॉक्टर, दोन आणि पाच तक्त्यातून काढून टाका. मी आजच दुसरी दोन माणसं बघते. तीन दिवसांत मापं होतील. कोणाला काही कळणार नाही."

"मला कळेल."

"मी तुम्हाला सांगणार होते."

"कधी?"

"तक्ता पूर्ण झाल्यावर." तिने खाली बघितलं. "तुम्हीच म्हणता ना, अर्धवट निष्कर्षावर बोलू नये. सहा वर्षं तेच ऐकतेय."

माझाच नियम, इतका मन लावून पाळलेला.

"तुम्हालाही काहीतरी बोलायचं होतं," ती म्हणाली. आणि तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं, की तिला ठाऊक आहे. कदाचित पहिल्यापासून ठाऊक असेल. मी काय बोलतो याची तिला भीती वाटत होती, आणि तरी ती उभी होती. पळून गेली नाही.

दोन वाक्यं तयार होती. एक सहा वर्षांपासूनचं, दुसरं रात्री सुचलेलं. मी दुसरं बोललो.

"दोन आणि पाच काढायचे नाहीत. तोच निकाल आहे. निरोगी पेशीला एक मात्रा, खवळलेल्या पेशीला दुप्पट. रुग्णाला साधा ताप आहे की नाही हे न बघता कोणी मात्रा ठरवली, तर औषध फुकट जाईल. हे अजून कोणी लिहिलेलं नाही, मिर्ता. तुम्हा दोघांशिवाय आपल्याला दिसलंच नसतं."

तिला हसू आलं आणि रडूही. मग म्हणाली, "पण परीक्षक विचारतील, एकाच प्रयोगशाळेत दोघं लागोपाठ आजारी कसे?"

"तू जा, जेव. ते मी बघतो."

ती गेल्यावर मार देल प्लाताच्या हॉटेलला फोन केला. खोल्या दोनच ठेवा म्हटलं. फक्त एका खोलीत दोघं असतील, आणि त्या दोघांत मी नसेन. पलीकडची बाई म्हणाली, "मग तुमची खोली समुद्राच्या बाजूची देऊ का?" द्या म्हटलं.

१४ जुलै, मंगळवार

टॉन्सिल आले, नऊ पोरांचे. शाळांना सुट्टी लागली की किन्तानाचा धंदा जोरात. डबा टेबलावर ठेवून तो माझ्या दारात उभा राहिला. "डॉक्टर बेरार्दी, मी तुमची माफी..."

"धुक्याची?" मी म्हटलं.

तो कानापर्यंत लाल झाला. मला फार बरं वाटलं. तेवढी सूट मी स्वतःला दिली. मग त्याला बसवलं आणि निबंधाचा मसुदा वाचून दाखवला. आजाराच्या प्रसाराबद्दल मी लिहिलं होतं : 'दोन्ही दात्यांमध्ये निकट संपर्क होता.' ओफेलिया टेबलाच्या कडेवर बसली होती. म्हणाली, "शास्त्रीय भाषेची हीच तर सोय आहे." किन्तानाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मिर्ता म्हणाली, 'निकट' पुरेसं आहे, 'अतिनिकट' करू नका. या खोलीत इतकं मोठ्याने आम्ही चौघं याआधी कधी हसलो नव्हतो.

मग टाइप करायला बसलो. मुदत उद्याची. शीर्षक झालं, तक्ता झाला, सहाही आकडे जागच्या जागी. राहिली नावं. कोणाचं नाव कुठे, यावरून प्रयोगशाळा फुटतात, पण मला फार वेळ लागला नाही. ज्याच्या हातांनी काम झालं त्याचं पहिलं, म्हणून मि. साबाला. ज्याने पेशी आणल्या त्याचं त्याच्या शेजारी, म्हणून अ. किन्ताना. त्यांच्या लग्नाची पत्रिका निघेल तेव्हा निघेल. दोघांची नावं शेजारी-शेजारी पहिल्यांदा मी छापली. मग ओ. ग्रिनबर्ग.

आणि फु. बेरार्दी सगळ्यात शेवटी. प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं नाव शेवटी घालायची आमच्याकडे पद्धत आहे. मी ती पाळली.